बस म्हणायचा मान

भिवंडीत इंजिनाचे पंप दुरुस्त करणाऱ्यांच्या दुकानात एक रीत आहे. पंप म्हणजे पेट्रोल भरायचा नव्हे. डिझेल गाडीच्या इंजिनाला खेटून तांब्याएवढा एक पंप बसवलेला असतो, तो इंजिनात डिझेलचा फवारा मारतो. फवारा कधी मारायचा, जरा लवकर की जरा उशिरा, यावर गाडीचा सगळा दम. हे लवकर-उशिरा जुळवायला मिस्तरी पंपाचे नट सैल करतो आणि चालू इंजिनावरच पंप हातानं केसभर फिरवतो. केसभर फिरला तरी इंजिनाचा आवाज बदलतो. याला टायमिंग करणं म्हणतात. आता रीत अशी, की फिरवायचं काम मिस्तरीचं, पण थांबायचं कुठं ते सांगायचं गाडीच्या मालकानं. मालक बाजूला उभा राहून कान देतो, आवाज मनाजोगा आला की 'बस' म्हणतो आणि मिस्तरी तिथल्या तिथं नट आवळतो. मालक बस म्हणत नाही तोवर मिस्तरी हात काढत नाही, मग त्याला स्वतःला काही का वाटेना.

ही रीत मला माहीत असायचं खरं तर काही कारण नव्हतं. मी कशेळीला एका गोडाऊनच्या गेटवर बसते, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद कॉम्प्युटरवर करते. पण मला नको तिथं नाक खुपसायची खोड आहे. आई म्हणते, ही पोर जन्मली तेव्हा रडायच्या आधी सुईणीला तिचं गाव विचारून मोकळी झाली. गोडाऊनवरचे ड्रायव्हर मला बघितलं की अर्धा चहा टाकून पळतात, कारण मी विचारते, टायर एकाच बाजूनं का झिजला, ब्रेक सोडल्यावर फुस्स कशाचं होतं. काही जण सांगतात, काही जण "दीदी, अपनी ड्युटी करो ना" म्हणतात. मी तेही ऐकून घेते आणि पुन्हा विचारते.

आमचं घर कोन गावात. एके काळी बाबानं आमच्याच जमिनीवर पत्र्याची शेड बांधून कापड विणायचे लूम टाकले होते आणि दुसऱ्याच्या भरवशावर न सोडता तो स्वतः त्यांच्यामध्ये उभा राहिला. तरुणपण सगळं त्या खडखडाटात गेलं. धंद्याचे दिवस फिरले तसे लूम भंगारात गेले, शेड एका पुठ्ठेवाल्याला भाड्यानं दिली आणि बाबानं एक टेम्पो घेतला, तोही जुनाच. सुताला खळ लावणाऱ्या टेमघरच्या सायझिंगमधून बीम उचलायचे, म्हणजे कापडाच्या ताण्याचं सूत गुंडाळलेले मोठाले रूळ, आणि लूमवाल्यांच्या दारात नेऊन उतरवायचे, हे त्याचं काम. शेडचं भाडं येतं, मीही कमावते. टेम्पोची गरज घराला नव्हती, बाबाला होती. सकाळी चावी खिशात पडली की तो माणसात यायचा. सुटीच्या दिवशी घरभर फेऱ्या मारून आईच्या शिव्या खायचा. मलाही त्यानं खाडीकाठच्या मैदानात टेम्पो शिकवला, लायसन्स काढायला लावलं, पण रस्त्यावर स्टेअरिंग कधी दिलं नाही. मी बाजूच्या सीटवर.

आणि मग एके दिवशी जेवताना तो म्हणाला, "गारीन दम न्हाय रायला." बाबाच्या तोंडी गाडीची गारी होते. "पयले कशी बोलायची. आता मुकी झायली."

आईनं सरळ सांगितलं, मग विकून टाक. मीही उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, गाडी म्हातारी झाली आणि तूही काय नवरदेव न्हाय. बाबानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "टायमिंग करून बगतो. त्यानं पन दम न्हाय आला तर इकून टाकतो. चावी तुज्या हातान देतो, परत स्टेरिंगला हात न्हाय लावनार."

बाबा शब्दाचा पक्का. एकदा बोलला की बोलला. आईनं माझ्याकडे बघितलं, कारण आता त्या तांब्याएवढ्या पंपावर काय टांगलंय ते आम्हा दोघींना कळलं होतं. टेम्पो गेला तर हा माणूस उरलेलं आयुष्य ओट्यावर बसून काढणार. मी दुसऱ्याच दिवशी सुटी टाकली आणि त्याच्याबरोबर पंपवाल्याकडे गेले.

दुकान कल्याण रस्त्याला, एका टायरवाल्याच्या आणि एका बिर्याणीच्या हॉटेलच्या मध्ये चेपलेलं. मिस्तरी उत्तरेकडचा, चाळिशीचा, गालात कायम बडीशेप. त्यानं बॉनेट उघडलं, बॅटरी मारली आणि आम्हाला पंपाच्या कडेला एक खूण दाखवली. पंपावर एक बारीक रेघ, इंजिनावर एक बारीक रेघ, दोन्ही समोरासमोर.

"चाचा, निशान तो बराबर है," तो म्हणाला.

"निशान रहने दे. दम नहीं है उसमें," बाबा म्हणाला.

मला राहवलं नाही. मी विचारलं, फवारा लवकर दिला तर दम वाढतो कसा? मिस्तरी वैतागेल असं वाटलं होतं, पण गडी खूशच झाला. पाना खाली ठेवून हातवारे करून सांगायला लागला. डिझेलला पेट घ्यायला जरासा वेळ लागतो. म्हणून आतला पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी फवारा सोडायचा, म्हणजे तो वरून खाली वळतो न वळतो तोच भडका त्याला खाली ढकलतो. उशीर केला तर पिस्टन आधीच खाली निघून गेलेला, धक्का वाया, गाडी सुस्त आणि मागून पांढरा धूर. फार घाई केली तर पिस्टन अजून वर येतोय आणि भडका त्याच्या डोक्यात. टक् टक् टक् जो आवाज येतो तो तोच.

मला आमच्या दारातल्या जांभळीचा झोका आठवला. झोका मागे येऊन थांबतो त्या घटकेला ढकलायचं असतं. तो अजून आपल्याकडे येतोय तेवढ्यात ढकललं तर मनगट दुखावतं आणि झोक्यावरचं पोर पण बोंबलतं. म्हणजे बाहेरून नुसता लोखंडाचा गोळा दिसणाऱ्या त्या इंजिनाच्या आत कुणीतरी सारखं झोके देत होतं. मला इतका आनंद झाला की मी मिस्तरीला चहा सांगितला आणि वर क्रीमरोलही.

"थोडी जल्दी चलती है," मिस्तरी म्हणाला. "उससे गाडी चुस्त होती है. पर थोडी मतलब कितनी, वो मालिक के कान पे."

त्यानं टेम्पो चालू केला, नट सैल केले आणि पंपाला हात घातला. बाबा बॉनेटशी उभा राहिला, मान वाकडी करून, हात पाठीमागे बांधून. पंप केसभर सरकला तसा इंजिनाचा आवाज धारदार झाला. अजून सरकला तसा त्याच्यात टकटक मिसळली. इथं मिस्तरीनं वर बघितलं. मला काही कळत नसूनही मला वाटलं, झालं आता.

"अजून," बाबा म्हणाला.

मिस्तरीनं अजून सरकवला. आता समोरच्या चहाच्या टपरीवरचे लोकही वळून बघायला लागले. बाबाचा चेहरा एकदम उजळला. लग्नात वाजंत्री सुरू झाल्यावर उजळतो तसा. "बस!" तो म्हणाला. आणि माझ्याकडे वळून, "बोलली बग. आता बोलली."

त्या दिवशी बीम भरून टेम्पो उड्डाणपुलाच्या चढावर गिअर न बदलता चढला. बाबा गुणगुणत होता. चावी त्याच्याच खिशात राहिली, आईनं दुपारी मटण केलं आणि मी दोन दिवस गोडाऊनवर भेटेल त्या ड्रायव्हरला झोक्याची गोष्ट सांगत सुटले.

पण थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. "दम न्हाय." बाबा पुन्हा मिस्तरीकडे गेला, पुन्हा पंप पुढे सरकला. या वेळी मी नव्हते, पण फरक मला गेटवर बसल्या बसल्या कळला असता. टेम्पो आता गावात शिरायच्या आधी ऐकू यायचा. आई आवाजावरून तवा चुलीवर ठेवायची. शेजारचा म्हणाला, काय हो, खडी फोडायचं मशीन घेतलं काय? कपाटाच्या काचा थरथरायच्या. रेडिएटरमधलं पाणी उकळायला लागलं, सकाळी चालू करताना इंजिन असा हिसका द्यायचं की गाडी जागच्या जागी दचकायची.

मी गोडाऊनवर ज्याला त्याला विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, टायमिंग जास्त पुढे गेलंय, मागे घ्या, नाहीतर इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, तडकेल. आणि घरी बाबा म्हणत होता, दम नाही. मला हे कोडं झोपू देईना. मी मुद्दाम दोन-तीन फेऱ्या त्याच्याबरोबर केल्या. टेम्पो चढ चढत होता. भरलेल्या बीमांनिशी ओढत होता. धूर नव्हता. मग दम नाही म्हणजे नेमकं काय नाही?

चालत्या गाडीत मी त्याला तेच विचारलं. तो समोर बघत राहिला. पुन्हा विचारलं, तरी समोरच. मी मनात म्हटलं, रुसलाय. चढाखाली गाडी थांबवून त्यानं माझ्याकडे तोंड केलं तेव्हा तिसऱ्यांदा विचारलं.

"दम न्हाय म्हंजे काय न्हाय?"

"आवाज न्हाय," तो म्हणाला. "दम आसला का आवाज येते. तुला न्हाय कलनार."

मला त्याचा राग आला. त्या आवाजानं माझे कान बधिर झाले होते आणि हा म्हणतो आवाज नाही. हट्टीपणालाही काही हद्द असते, असं मी आईला म्हटलं. आई काही बोलली नाही, आणि आई काही बोलत नाही हे आमच्या घरात इतकं दुर्मीळ की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

कोडं सुटलं ते दुपारच्या वेळी, अंगणात. मी स्कूटीवरून आले होते. आमच्या रस्त्यावर धूळ एवढी की डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये गुंडाळल्याशिवाय कुणी बाई स्कूटीवर बसत नाही. बाबा टेम्पोची काच पुसत होता. टेम्पो बंद, लूमवाल्यांची जेवणाची सुटी, आजूबाजूला शांत.

"बाबा, जेवलास का?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघून हसला. उत्तर नाही.

"जेवलास का?"

"तो फरका कार तोंडावरचा," तो म्हणाला. "बोबरी बोलतंस."

मी स्कार्फ खाली ओढला आणि अगदी सहज, हळू आवाजात विचारलं, आई कुठं गेली. "बाजारान," तो लगेच म्हणाला. मी स्कार्फ वर केला आणि जरा मोठ्यानं विचारलं, कधी येणार. तो नुसता बघत राहिला. माझ्या डोक्यात काहीतरी हललं. मी स्कार्फ पुन्हा काढला. या वेळी आवाज काढलाच नाही. नुसते ओठ हलवले. चहा ठेवू?

"ठेव," बाबा म्हणाला. "साखर कमी घाल."

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंदच झाला. कोडं सुटल्याचा. टाळी वाजवणार होते. मग मी स्वयंपाकघरात जाऊन पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिले.

बाबाला ऐकू येत नव्हतं. कधीपासून, कोण जाणे. लूमच्या शेडमध्ये तसंही कुणी कानानं ऐकत नाही. तिथं माणसं ओठ बघून आणि हात बघून बोलतात, आणि बाबाचा जन्म त्यात गेलेला. कान हळूहळू जात राहिले, डोळ्यांनी त्यांचं काम उचललं, आणि भिवंडीत सगळेच एकमेकांवर ओरडत असल्यामुळे कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मास्क लावायचे दिवस होते तेव्हा तो सगळ्या जगावर चिडला होता, हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून. आता ते आठवलं. आणि आम्ही दम शोधत होतो पंपात. काखेत कळसा नि गावाला वळसा. इंजिन धडधाकट होतं. दोन्ही रेघा समोरासमोर होत्या तेव्हा ते जसं बोलायला हवं तसंच बोलत होतं, फक्त ते बाबापर्यंत पोचत नव्हतं. म्हणून तो त्याला अजून मोठ्यानं, अजून मोठ्यानं बोलायला लावत होता.

आई बाजारातून आली तसं मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. तिनं पिशवीतली मेथी काढली आणि निवडायला बसली.

"मना ठावं हाय," ती म्हणाली. "म्हनून तं वरडते मी. मना काय हौस हाय?"

मी जन्मभर समजत होते की माझी आई भांडकुदळ आहे. मला हसू आलं आणि त्याच दमात रागही आला. म्हटलं, अगं, ठाऊक होतं तर बोलली का नाहीस? तो रस्त्यावर गाडी चालवतो! मागून कंटेनर हॉर्न मारत आला तर?

"आरशान बगते तो," ती म्हणाली. मग मेथीची जुडी मांडीवर ठेवून म्हणाली, "त्याला येक गारीचाच आवाज रायलाय ग. माजा पन न्हाय येत आता. तो पन नेशील काय?"

मी खाली बसून तिच्याबरोबर मेथी निवडायला लागले. पुढचे काही दिवस मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. सांगायचं म्हणजे काय, तर टेम्पो ठीक आहे, तू ठीक नाहीस. दम आहे, त्यामुळे टेम्पो विकायचं कारण नाही, पण चावी मात्र दे. हे वाक्य मी मनात कितीतरी तऱ्हेनं जुळवलं आणि एकाही तऱ्हेनं ते तोंडातून बाहेर आलं नाही. बाबा सकाळी चावी खिशात टाकून शीळ घालत निघायचा आणि मी दाराशी उभी राहून टेम्पोचा आवाज पार रस्त्याला लागेपर्यंत ऐकत राहायची.

एकदा दुपारी तो कशेळीला आला. माझी स्कूटी बंद पडली होती, म्हणून सुटल्यावर मला न्यायला. आमच्या गेटच्या आत जागा अरुंद, गाडी उलटी घेऊन वळवावी लागते. आमचा वॉचमन मागे उभा राहिला आणि नेहमीसारखं ओरडायला लागला. "आने दो, आने दो, आने दो..." तो डाव्या कोपऱ्याला होता, आरशात न दिसणाऱ्या जागी. मी खिडकीतून बघत होते.

"बस," वॉचमन म्हणाला. टेम्पो येतच राहिला. "बस! बस! अरे बस!"

वॉचमननं उडी मारली. त्याची प्लास्टिकची खुर्ची टेम्पो आणि भिंत यांच्यामध्ये सापडली आणि पापडासारखी मोडली. तो धक्का मात्र बाबाला जाणवला. त्यानं ब्रेक मारला, उतरला, मागे येऊन खुर्ची बघितली. मग वॉचमनकडे बघितलं. वॉचमन हातवारे करून शिव्या देत होता आणि बाबा त्याच्या ओठांकडे बघत होता.

"तू बस बोला क्या?" बाबानं विचारलं.

"गला फाड़ के बोला, चाचा! आधा कशेळी सुना!"

बाबानं माझ्याकडे बघितलं. मी तोवर धावत बाहेर आले होते, तोंडावर स्कार्फही नव्हता, काहीही बोलू शकले असते. त्यानं किती वेळ बघितलं सांगता येत नाही, पण त्या बघण्यात विचारून झालं आणि उत्तरही मिळालं. त्यानं वाकून खुर्चीचे तुकडे उचलले, नीट भिंतीशी रचले, वॉचमनच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीत जाऊन बसला.

रस्ताभर तो डावीकडून, अगदी हळू चालवत होता. मागचे हॉर्न मारून मारून पुढे जात होते. घराच्या वळणावर तो वळला नाही. सरळ पुढे जाऊन त्यानं पंपवाल्याच्या दारात टेम्पो उभा केला.

मिस्तरी मला बघून जरा चपापला. मी त्याच्यावर तुटून पडणार होतेच. म्हटलं, तुला कळत होतं ना जास्त होतंय, मग थांबला का नाहीस? तो म्हणाला, "दीदी, मालिक बस नहीं बोला. मेरे को लगा चाचा को रेस लगाने का है." अगदी भाबडा चेहरा करून म्हणाला.

बाबानं बॉनेट उघडायला लावलं. "निशान दिखा," तो म्हणाला. मिस्तरीनं बॅटरी मारली. दोन रेघांच्या मधे आता तांदळाचा दाणा आडवा मावला असता. इंजिनाच्या हिशेबानं ते फार झालं. बाबा वाकून बराच वेळ बघत राहिला, जवळून, मग चष्मा काढून. मग सरळ उभा राहिला.

"पीछे ले," तो म्हणाला.

टेम्पो चालू झाला. सगळं दुकान थरथरायला लागलं, आणि समोरून एक डंपर धुळीचा लोट सोडत गेला तसा मी हातातला स्कार्फ नाकातोंडावर गुंडाळला. मिस्तरीनं नट सैल केले, पंपाला हात घातला आणि रीतीप्रमाणे बाबाकडे बघितलं.

"मेरे को मत देख," बाबा म्हणाला. मग माझ्याकडे बोट केलं. "तू बोल. बस तू बोल."

मला नाही म्हणायचं होतं. पण मिस्तरीचा हात पंपावर, इंजिन चालू, आणि बाबा पुन्हा बॉनेटशी मान वाकडी करून, हात पाठीमागे बांधून उभा राहिला होता, पहिल्या वेळसारखाच. मी मान हलवली.

पंप मागे यायला लागला. टकटक कमी झाली. इंजिनाचा तो चिडका, कडक आवाज हळूहळू उतरत गेला, आणि मला कळायला लागलं की हे चांगलं होतंय. आणि बाबाची मान अजून वाकायला लागली. पाठीमागचा एक हात पुढे आला आणि टेम्पोच्या मडगार्डवर टेकला. आवाज जसजसा जागेवर येत होता तसतसा तो त्याच्यापासून लांब जात होता. हे माझ्यासमोर, माझ्या हुकमानं चाललं होतं. बस मी म्हणायचं होतं. थोडं अलीकडेच म्हटलं असतं तर? इंजिनाला थोडा त्रास झाला असता, पाणी थोडं उकळलं असतं, पण त्याला थोडा तरी आवाज राहिला असता. माझ्या ओठांवर आलंही होतं. मी दोन रेघांकडे बघत राहिले. तांदळाच्या दाण्याची जागा राईएवढी झाली, मग तीही गेली, रेघा समोरासमोर आल्या आणि इंजिन अगदी गोड, एका लयीत चालायला लागलं.

"बस," मी म्हटलं. चांगलं मोठ्यानं म्हटलं.

मिस्तरीनं एकेक करून नट आवळले. पाना पुसला. बॅटरी बंद केली. बाबा अजून तसाच उभा होता, कान इंजिनाशी, हात मडगार्डवर, वाट बघत. मग त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"बोललीस का?"

मी स्कार्फ खाली ओढला.

"बोलले, बाबा."

त्यानं मान हलवली. बॉनेट स्वतःच्या हातानं खाली केलं, दाबून नीट लावलं. मग टेम्पोला पुढून वळसा घालून तो डाव्या बाजूला गेला, दार उघडलं आणि माझ्या सीटवर चढून बसला.